वरून आलेली ओढ

१

आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या देवळाची घंटा मी वाजवतो. त्या कामाला फार अक्कल लागत नाही, म्हणून तर ते माझ्याकडे आलं. रविवारी उपासनेच्या अर्धा तास आधी वीस ठोके, पाच मिनिटं आधी दहा. बुधवारी दुपारच्या प्रार्थनेला नुसते दहा. घंटेची खोली म्हणजे मनोऱ्याच्या तळाची चौकोनी जागा. दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्यानं बाहेर थांबावं. कोपऱ्यात मोडक्या खुर्च्या, भिंतीला दोर अडकवायचा लोखंडी आकडा आणि छताला ताटलीएवढं भोक. त्या भोकातून दोर खाली येतो.

शेवटचा ठोका झाला की दोर लगेच सोडायचा नसतो. वर घंटा अजून हेलकावत असते. दोर हातात धरून उभं राहायचं, हेलकावा कमी कमी होत जातो आणि थांबतो, ते हाताला कळतं. मगच दोर आकड्याला अडकवायचा.

माझे दाजी वारले त्याला सहा आठवडे झाले होते. बुधवारची दुपार. दहा ठोके झाले, घंटा थांबली, आणि मी दोर आकड्याकडे नेणार एवढ्यात तो ओढला गेला. वरच्या बाजूला. तो झटका नव्हता. कोणीतरी बेतानं, विचार करून ओढावा तसा वीतभर वर गेला आणि पुन्हा सैल झाला.

मी विचार करायच्या आत माझ्या हातानं उत्तर दिलं. एक ओढ. हाताला चौदा वर्षांची सवय, त्यानं मला विचारलंसुद्धा नाही.

मग मी स्वतःची समजूत घालत बसलो. कबुतर असेल. वारा असेल. दोर जुना आहे, पीळ सुटत असेल. पण कबुतर असो की वारा, दोर वीतभर ओढला गेला तर घंटा थोडी तरी कुरकुरते. घंटा गप्प होती. मी दोर आकड्याला गुंडाळला, गरज नसताना दोन वेढे जास्त दिले, आणि बाहेर येऊन मागच्या बाकावर बसलो. त्या दिवशीची प्रार्थना कशाबद्दल होती ते मला सांगता येणार नाही.

२

पोटापाण्यासाठीही मी दोरच धरतो. हसू नका, तशी नोकरी असते. शहराला पाणी देणारा जो तलाव आहे, त्याच्या दारांपुढे लोखंडी जाळ्या बसवलेल्या आहेत. त्यात फांद्या, प्लास्टिक, कधी मेलेली जनावरं येऊन अडकतात. पाणबुड्या खाली उतरतो आणि ते काढतो. तळाचं पाणी इतकं गढूळ, की त्याला स्वतःचा हात दिसत नाही. हवा त्याला नळीतून मिळते, पण बोलणं सगळं दोरानं. दोराचं एक टोक त्याच्या कमरेला, दुसरं काठावर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. तो माणूस मी.

खुणा मोजक्या. वरच्यानं एकदा ओढलं, की त्याचा अर्थ: ठीक आहेस का? खालच्यानं एकदा ओढलं: ठीक आहे. खालून दोन आल्या तर दोर सैल सोडायचा, तीन आल्या तर ताणून धरायचा. चार आल्या, तर मला वर ओढ. चार आल्या की आधी तितक्याच परत द्यायच्या, म्हणजे खालच्याला कळतं की वर पोचलं, आणि मग हातातलं सगळं सोडून ओढत सुटायचं.

आणि एक नियम. दोर बांधायचा नाही. खांबाला नाही, कठड्याला नाही, मिनिटभरसुद्धा नाही. बांधलेल्या दोराला काही कळत नाही, कळतं ते हाताला.

हे सगळं मला दाजींनी शिकवलं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, खात्यातले सगळ्यात जुने पाणबुडे. मला ते ‘खुंटा’ म्हणायचे, कारण मी काठावर तासन् तास हलायचो नाही. तळाला पोचले की उगाच दोर गदागदा हलवायचे. वर माझी तारांबळ उडायची. बाहेर आल्यावर डोक्यावरचा टोप काढून हसायचे, “खुंटा हलवून बळकट केलेला बरा.”

त्या सकाळी एक बुंधा जाळीवरून सुटला आणि त्यांना घेऊन दाराच्या तोंडाशी जाऊन बसला. हवेची नळी चेपली. मुकादम पंपघराकडे गेला होता, काठावर मी एकटा होतो. तो परत आला तेव्हा त्यानं मला गुडघ्यांवर पाहिलं, डोळे मिटलेले, ओठ हलताहेत. पुढे चौकशीत साहेबांनी विचारलं, “खालून काही खूण?” मी म्हटलं, “नाही.” त्यांनी लिहून घेतलं.

ताईनंही विचारलं. एकदाच नाही. भाजी चिरताना, जिन्यावर, कुलूप लावताना मध्येच थांबून ती विचारायची, “ह्यांनी काही खूण केली नाही ना रे?” मी नाही म्हणायचो आणि ती हं म्हणून पुढच्या कामाला लागायची. त्या एका शब्दावर तिची झोप चालली होती. नवरा बुडाला, पण हाक मारायची वेळ त्याच्यावर आली नाही. कळायच्या आत सगळं संपलं.

चार ओढी आल्या होत्या. अगदी स्पष्ट. आणि थोड्या वेळानं पुन्हा चार.

३

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. घंटेच्या खोलीतला प्रकार माझ्या मनाचा खेळ आहे असं मी ठरवून टाकलं, आणि रविवारी पुन्हा ओढ आली. ठोके झाले, घंटा थांबली, आणि वीतभर वर. पुन्हा हातानं उत्तर दिलं. नंतर ताईच्या गच्चीवर चादरी वाळत घालताना. दोरी दोन्हीकडे खिळ्यांना पक्की बांधलेली, मी मध्ये हात ठेवलेला. माझ्या मुठीतली दोरी वर उचलली गेली आणि खाली आली. मग दुकानात पुडक्याची सुतळी बोटाला अडकवून उभा असताना.

दर वेळी एकच. मला एकीची भीती नव्हती. एक आली की मी दुसरीची वाट बघायचो. दुसरी आली तर तिसरी येणार, आणि मग चौथी. कान टवकारल्यासारखी माझी बोटं टवकारलेली असायची. दुसरी कधी आली नाही. पण म्हणून पुढच्या वेळी येणार नाही असं कोण सांगणार?

एका शनिवारी दुपारी मी लोखंडी शिडीनं मनोऱ्यात चढलो. देऊळ झाडणाऱ्या मावशी खाली शिडी धरून होत्या. वर धूळ होती, एक जुनं घरटं होतं, आणि कौलांच्या फटीतून येणारं ऊन. धुळीत माझ्याखेरीज कोणाचं पाऊल नाही. दोर घंटेच्या चाकाला गाठ मारून बांधलेला, गाठ दगडासारखी. मी दोर चाचपून पाहिला. कोरडा. थोडी ओल असती, चिखलाचा वास असता तर मला बरं वाटलं असतं. आमच्या धर्मगुरूंना, पाळकसाहेबांना, सांगितलं असतं की छप्पर गळतंय.

मी गाठीच्या खाली दोर धरून बसलो. किती वेळ कोण जाणे. पायाला मुंग्या आल्या. मावशींनी खालून विचारलं, “सापडलं का काही?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि ओढ आली.

गाठ माझ्या नाकासमोर होती. चाक तसूभर हललं नाही. तरी माझा हात वीतभर वर गेला. ओढ वरूनच आली होती. माझ्या वर कौलं होती आणि कौलांच्या वर आभाळ.

खाली उतरलो तेव्हा मावशी माझ्याकडे बघत राहिल्या.

“काय होतं?”

“उंदीर.”

“उंदराला बघून माणूस एवढा पांढरा पडत नाही,” त्या म्हणाल्या आणि केरसुणी घेऊन गेल्या.

४

पाळकसाहेब भला माणूस. माझ्यासारख्याला तो भला असल्याचाच जास्त त्रास होतो. त्यांनी मला घरी बोलावून बसवलं. पुढच्या रविवारचा विषय होता भीती आणि भरवसा.

“तुम्ही उपासनेत सगळ्यांपुढे उभं राहून साक्ष द्यावी असं मला वाटतं. दोन-चार वाक्यं, जास्त नको,” ते म्हणाले. “आपण सगळे बोलतो, पण वेळ येते तेव्हा पळतो. तुम्ही पळाला नाहीत. गुडघे टेकलेत.”

मी म्हटलं, “मला बोलता येत नाही.”

“ज्याला येतं त्याचं कोण ऐकतं?”

घरी आलो तर ताईला कुठून कळलं होतं देव जाणे. ती दाजींचे शर्ट घडी करून कपाटात परत ठेवत होती. कोणाला द्यायचे म्हणून काढायची आणि परत ठेवायची.

“मी पुढच्या बाकावर बसणार,” ती म्हणाली. “तुझ्या तोंडून ऐकलं की मला बरं वाटेल. हे म्हणायचे, वर खुंटा आहे, मला कशाची भीती?”

मी बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिलो.

मी काय केलं ते आता सांगतो. पहिल्या चार ओढी आल्या तेव्हा मी ओढायला लागलो. परत चार द्यायच्या असतात, त्या दिल्या नाहीत. दोर हलेना. पुन्हा चार आल्या, आणि मग खालून असा हिसका बसला, की माझं पोट कठड्यावर आपटलं आणि मी अर्धा पाण्यावर लोंबकळलो. हिरवं-काळं पाणी तोंडाखाली. मला पोहता येतं, पण त्या क्षणी माझी पाचावर धारण बसली. मी दोर कठड्याला गुंडाळला. हात मोकळे झाले. दोर बांधलेला, त्यामुळे आता काही जाणवत नव्हतं. कठडा नुसता थरथरत होता, त्याच्याकडे मी पाठ केली आणि गुडघे टेकले.

प्रभूची प्रार्थना म्हटली. सावकाश, शब्द न शब्द, लहानपणी आईनं शिकवली तशी. मधेच उठायचं नसतं असं ती सांगायची, त्याचा मला मोठाच आधार वाटला. संपली तर पुन्हा सुरू केली. आणि पुन्हा एकदा. तिसरी संपली तेव्हा कठडा थरथरायचा थांबला होता.

५

रविवारी वीस ठोके दिले, मग दहा. ओढ आली. हातानं उत्तर दिलं. दोर अडकवून मी आत गेलो.

पाळकसाहेबांनी पाण्यावरून चालत प्रभूकडे निघालेल्या आणि बुडायला लागलेल्या शिष्याची गोष्ट वाचली. वाऱ्याला भ्याला, खाली जायला लागला, त्यानं हाक मारली आणि प्रभूनं लगेच हात पुढे करून त्याला धरलं. पुढे ते पुष्कळ बोलले. मी त्या ‘लगेच’पाशीच अडकलो. तिथे कोणी आधी प्रार्थना म्हणत बसलं नव्हतं.

माझं नाव पुकारलं. पुढे गेलो. ताई पहिल्या बाकावर, मांडीवर रुमाल, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. ठरवलेली वाक्यं खिशात कागदावर होती. भीती कसली होती ते नीट सांगतो: खोटं बोललो तर ताई माझी राहणार होती, आणि खरं बोललो तर मला या जगात दुसरं कोणी नव्हतं. एवढं लख्ख दिसत असताना देवावर भरवसा म्हणजे काय, ते मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. निदान मला वाटलं होतं त्याला काहीतरी ऊब असेल. नव्हती. नुसती पायाखाली जमीन नव्हती.

“त्या दिवशी मी देवावर भरवसा ठेवला नाही,” मी म्हटलं. “खालून चार ओढी आल्या होत्या. दोनदा आल्या. मी घाबरलो, दोर कठड्याला बांधला आणि डोळे मिटले. मी देवाला हाक मारत नव्हतो. दाजींची हाक ऐकू येऊ नये म्हणून तोंड चालू ठेवलं होतं.”

पाळकसाहेबांचा हात पुस्तकावर होता तिथेच राहिला. ताई उठली. सगळ्यांना वाटलं ती बाहेर निघाली. ती बाकांच्या मधल्या वाटेनं शेवटपर्यंत गेली आणि डावीकडे वळली, घंटेच्या खोलीत.

६

मी मागोमाग गेलो. जायचा धीर होता असं नाही, पण तिला एकटीला त्या दोरापाशी सोडायचं नव्हतं. ती मोडक्या खुर्च्यांकडे तोंड करून उभी होती. मी दार लोटलं.

“किती वेळ?” तिनं विचारलं.

“काय?”

“दोर बांधलेला होता तो. किती वेळ?”

“तीन प्रार्थना.”

तिनं डोळे मिटले नाहीत. भिंतीकडे बघत तिचे ओठ हलायला लागले. आधी मला कळलं नाही. मग कळलं, ती मोजत होती. प्रभूची प्रार्थना, सावकाश, आईनं आम्हा दोघांना एकाच चटईवर बसवून शिकवली होती त्या चालीनं. एक संपली. दुसरी सुरू झाली. दुसरीच्या मध्यावर तिनं हातानं भिंत धरली. मला ओरडून सांगायचं होतं की पुरे, पण ते सांगायचा हक्क जगात ज्याला सगळ्यात कमी होता तो मी होतो. मी उभा राहिलो. तिसरी संपायला इतका वेळ लागला, की तेवढ्या वेळात मी दाजींना दहा वेळा वर काढलं असतं.

“बराच वेळ आहे,” ती म्हणाली.

“हो.”

“माफ केलं असं मी आज म्हणणार नाही.”

“नको म्हणूस.”

तिनं आधारासाठी हात वर केला आणि आकड्यावरचा दोर धरला. वेढे सुटले. दोर तिच्या मुठीत लोंबकळत राहिला. मी म्हणणार होतो, तो सोड. तेवढ्यात तिचा हात वीतभर वर गेला.

ती किंचाळली नाही. पाणबुड्याची बायको होती, दोराची भाषा तिला माझ्याइतकीच येत होती. तिनं वरच्या भोकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“हे कधीपासून?”

“दोन महिने होत आले.”

“किती येतात?”

“एकच. मी चारची वाट बघतोय. दाजी हिशोब मागायला आलेत असं मला—”

“एक ओढ वरचा माणूस देतो,” ती म्हणाली. “खालचा नुसतं उत्तर देतो. इतकी वर्षं दोर धरलास आणि हे कळलं नाही? तू वर नाहीयेस रे. तू खाली आहेस.”

मी वरच्या भोकाकडे पाहिलं.

“तू काय उत्तर द्यायचास?”

“एक.”

“म्हणजे ठीक आहे.” ती हसली असती, पण तोंड वाकडं झालं. “ह्यांच्याशीपण खोटं बोललास.”

“वर दाजीच आहेत का, मला माहीत नाही, ताई.”

पुन्हा ओढ आली. तशीच, सावकाश. तिनं ती पूर्ण येऊ दिली.

“हे नाहीत,” ती म्हणाली. “ह्यांना इतका धीर कधी नव्हता.”

मग तिनं दोर माझ्यापुढे धरला. सोडला नाही, नुसता पुढे धरला. मी तिच्या मुठीच्या वर माझे दोन्ही हात घातले. दोर कोमट होता. माझा हात सवयीनं एक ओढ द्यायला निघाला, तो मी थांबवला. इतकी भीती मला त्या तलावाच्या काठावरसुद्धा वाटली नव्हती. तिथे निदान पाणी कुठे आहे ते ठाऊक होतं.

मी ओढलं. एक. दोन. तीन. चार.

घंटा वाजायला हवी होती, वाजली नाही. दाराबाहेर लोक गाणं म्हणायला लागले होते, पाळकसाहेबांनीच सुरू केलं असणार, ते ऐकू यायचं एकदम थांबलं. आणि वरून उत्तर आलं. एक. दोन. तीन. घाई नव्हती. चार.

छताच्या त्या भोकात नेहमी अंधार असतो. आताही होता, पण त्याच्या कडेवर कोणीतरी ओणवलं होतं. एक पाय पुढे, भार मागच्या पायावर, दोर खांद्यावरून घेतलेला, दोर धरणारा माणूस ओढायच्या आधी उभा राहतो तसं. चेहऱ्याच्या जागी बघवत नव्हतं. डोळे मिटायचा मोह इतका झाला, की पापण्या दुखल्या. मिटले नाहीत. शेजारी ताईचा श्वास चालला होता, तिची मूठ माझ्या मुठींना घट्ट लागून होती.

दोर ताणला गेला. माझ्या टाचा फरशीवरून उचलल्या. ओठांवर प्रार्थनेचा पहिला शब्द आला होता, तो मी गिळला आणि धरून राहिलो.